परिसर अलिप्त आहे, असे मानू

"ऑपरेशन नको म्हणाले तुझे अण्णा," आईने फोनवर सांगितले. "तीनदा विचारलं. तिन्ही वेळा 'नाही'च आलं. आता आपण काय बोलणार?"

डॉ. त्रिशला आवटी तेव्हा पुण्यात, आपल्या संस्थेतल्या फळ्यासमोर खडू घेऊन उभी होती. तिचे वडील गेले काही महिने मिरजेच्या एका इस्पितळात पडून होते. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. हाक मारली तर पापणीसुद्धा हलत नसे. असा माणूस 'नको' म्हणाला, असे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच डॉक्टरकडे नेले असते. पण अलीकडे असे निरोप घरोघरी येऊ लागले होते, आणि ते येऊ लागले याला बऱ्याच अंशी त्रिशलाच कारणीभूत होती.

"मी येते उद्या," ती म्हणाली.

"ये की. पण त्यांचं मन वळवायला येऊ नको हं," आई म्हणाली. "कायदा आहे आता."

कायदा होता खरा. यंत्रातून तीनदा स्पष्ट उत्तर आले, की ते रुग्णाचे स्वतःचे मत. बायको, मुले, डॉक्टर कुणालाही ते डावलता येत नसे. या कायद्याच्या स्वागतासाठी झालेल्या कार्यक्रमात त्रिशलाला शाल मिळाली होती. ती शाल आता तिच्या कपाटात वरच्या कप्प्यात होती.

गाडीत बसल्यावर तिच्या मनात एकच गोष्ट खुटखुटत राहिली. भूपाल आवटी आणि नको? सांगलीत त्यांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान. जळालेल्या पंपाच्या मोटारी उघडायच्या, आतली तांब्याची काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, हे त्यांनी जन्मभर केले. दिसेल ते उघडून बघायची त्यांना खोडच होती. एकदा दात काढायला गेले, आणि दंतवैद्याच्या खुर्चीची मोटर दुरुस्त करून, दात तसाच ठेवून घरी आले. इस्पितळातले मेंदूचे सर्जन डॉ. इनामदार म्हणत होते ते ऑपरेशन तर मेंदूच्या खोल भागात दोन बारीक तारा बसवून त्यांतून हलका प्रवाह सोडून शुद्ध परत आणायचे होते. हे ऐकून अण्णांनी तार किती जाड, कुठल्या गेजची एवढेच विचारले असते. अर्थात आजारपणाने माणसे बदलतात, हेही तिला ठाऊक होते.

इस्पितळातले लोक त्या यंत्राला 'फ्रीज' म्हणत. बाहेरून ते जरा जाडसर हेल्मेटसारखे दिसे आणि हाताला कोमटच लागे. पण आत, काडेपेटीएवढ्या पोकळीत, रुबिडियमचे काही लाख अणू लेझरच्या साहाय्याने इतके गार केलेले असत, की निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एका अंशाचा अब्जांशभाग उरे. साध्या हवेतले अणू गोळीच्या वेगाने धावत असतात. तेवढ्या थंडीत ते जवळजवळ थिजतात आणि सगळे मिळून एकाच अणूसारखे वागू लागतात. प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकले चुंबक. जवळपास चुंबकीय क्षेत्र किंचित जरी बदलले, तरी हा सगळा थवा एकसाथ वळतो आणि ते वळणे मोजता येते. माणूस मनात मूठ आवळतो तेव्हा मेंदूत जो विद्युतप्रवाह वाहतो, त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मानाने कोट्यवधी पटींनी क्षीण असते. हा थवा तेही टिपतो.

अडचण एवढीच, की तो बाकीचेही सगळे टिपतो. लिफ्ट, पंखे, भिंतीतल्या वायरी, खालच्या रस्त्यावरचा टेम्पो. जगात कुठलीच वस्तू एकटी नसते, तिला परिसर असतो आणि परिसर तिच्यात झिरपत राहतो. हे झिरपणे गणितात कसे मांडायचे, हाच त्रिशलाच्या अभ्यासाचा विषय. तिने कधी स्क्रू पिळला नव्हता. तिचे अणू कागदावरचे. पण परिसराचा वाटा नेमका ओळखून वजा करणारे समीकरण तिने लिहिले, आणि त्यामुळेच हे यंत्र प्रयोगशाळेतून वॉर्डात आले. त्या समीकरणाच्या सुरुवातीला, या विषयातले सगळेच धरतात तसे, तिनेही एक गृहीत धरले होते: परिसर अफाट आहे आणि आपण काय मोजतो आहोत याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. परिसर अलिप्त आहे, असे मानू. त्या वाक्यावर आजवर एकाही परीक्षकाने बोट ठेवले नव्हते.

दुपारी ती वॉर्डात पोचली तेव्हा आई अण्णांच्या उशाशी बसून, डोक्यावरच्या हेल्मेटखालून बाहेर आलेले त्यांचे केस विंचरत होती. आईचा, पद्मावतीबाईंचा, चेहरा उतरलेला असेल असे त्रिशलाला वाटले होते, पण त्या टवटवीत दिसत होत्या.

"आलीस? बस की. आत्ताच विचारलं त्यांना, त्रिशला यायचीय, बरं वाटलं का? हो म्हणाले." मग जरा लाजून, "रोज बोलतो आम्ही. दुकान होतं तेव्हा एवढं बोलायला कुठं सवड होती?"

वडील हयात असूनही बोलत नाहीत, याचे दुःख तिने पुण्यात कामाखाली दाबून टाकले होते. आई मात्र इथे त्यांच्याशी संसार करत होती.

यंत्र सांभाळणारा मुजावर नावाचा तरुण तंत्रज्ञ आला. साक्षात समीकरण लिहिणाऱ्या बाई समोर बघून तो गडबडला. "मॅडम, काकूंची उत्तरं आमच्या इस्पितळात एक नंबर. स्पष्टता नव्वद टक्क्यांच्या खाली येतच नाही."

"दाखवा बघू," त्रिशला म्हणाली.

पद्धत सोपी होती. 'हो' म्हणायचे असेल तर रुग्णाने मनात मूठ आवळायची, 'नाही' म्हणायचे असेल तर मनातल्या मनात घरातून फेरी मारायची. पहिल्या आठवड्यात उत्तरे आधीच माहीत असलेले प्रश्न विचारून यंत्राला त्या माणसाची ओळख करून द्यायची. पुढे प्रश्न कानावर आला, की यंत्र आपोआप ऐकू लागे आणि पडद्यावर 'हो', 'नाही' किंवा 'अस्पष्ट' असे उमटे. मूळ नियमात प्रश्न तंत्रज्ञाने, लांब उभे राहून विचारायचे होते. पण आपल्याकडे पेशंटच्या उशापासून नातेवाइकाला कोण हलवणार? लोक बसत, कपाळावर हात ठेवत, कानाशी लागत. कंपनीने आकडे तपासले तर घरच्यांनी विचारल्यावर उत्तरे कितीतरी स्पष्ट येत होती. आणि जितके माणूस जवळचे, तितकी अधिक स्पष्ट. आपल्या माणसाच्या आवाजाने मेंदू जागा होतो, असा सगळ्यांनी निष्कर्ष काढला, आणि नियमच बदलला. त्रिशलाने त्यावर एक लेखही लिहिला होता.

अण्णांना डाव्या कानाने पहिल्यापासून कमी ऐकू येई. म्हणून आई उठली, पलीकडे झाली, उजव्या कानाशी पूर्ण वाकली. "अहो, पाणी जास्त गार नव्हतं ना पुसताना?"

'नाही', पडद्यावर आले. चौऱ्याण्णव टक्के.

"बघ," आई म्हणाली.

त्रिशला पडद्याच्या खालच्या भागाकडे बघत होती. तिथे वजा करून टाकलेल्या परिसराची रेघ पळत असते. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. एरवी ती केसाळ, वेडीवाकडी असते. आई वाकली होती तेवढा वेळ मात्र तिच्यात एक बारीक ठेका दिसला होता. आई सरळ झाली आणि ठेका विरला.

"मुजावर, अण्णांचे ठोके वजा होतात ना?"

"होतात की मॅडम. छातीला वायर आहे त्यांच्या."

तिने शेजारच्या मॉनिटरकडे पाहिले. अण्णांचे हृदय सावकाश, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना ते जसे बसत तसे, निवांत चालले होते. रेघेतला ठेका त्याच्या जवळजवळ दीडपट वेगाने पडत होता. तो अण्णांचा नव्हता.

माणसाच्या हृदयाचे चुंबकत्व मेंदूच्या शेकडोपट असते, हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत असे. हेल्मेटला कवच होते, पण ऐकू यावे म्हणून कानाशी ते उघडे होते. अन् तिथेच आई छाती टेकवून वाकत होती. ओळखीच्या आठवड्यातले प्रश्न आईनेच विचारले होते, उत्तरे तिला ठाऊक होती. 'हो' येणार असले की तिचे काळीज एका तऱ्हेने चालले असेल, 'नाही' येणार असले की दुसऱ्या. यंत्र बिचारे शिकले. फक्त कुणाकडून शिकले हे कुणी बघितले नाही. परिसर म्हणजे एकसारखा घरघरणारा पंखा असता तर समीकरणाने तो अचूक वजा केला असता. हा परिसर तर प्रश्नागणिक धडधडत होता.

खात्री करायला हवी होती. अण्णांना माहीत आहे आणि आईला मुळीच माहीत नाही, अशी एक गोष्ट हवी होती. आणि तशी एक होती.

"आई, एक विचार त्यांना. तुम्ही कधी अंडं खाल्लंय का, म्हणावं."

पद्मावतीबाईंचा कंगवा थांबला. या घरात कांदा-लसूणही येत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नेम या वयातही त्यांनी इस्पितळात चालू ठेवला होता. "काय बोलतीस त्रिशला! आवटींच्या घरात? वर आजारी माणसाला?"

"यंत्र तपासायचंय. विचार ना."

आईने रागारागाने वाकून विचारले. पडद्यावर 'नाही' आले, आजवरच्या सगळ्यात ठसठशीत अक्षरांत. अठ्ठ्याण्णव टक्के.

त्रिशला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तांब्याची तार आणायला अण्णा दर महिन्याला कोल्हापूरला जात, आणि सुट्टी असली की तिला नेत. बसस्टँडमागच्या गाडीवर ते दोन ऑम्लेट सांगत, एक तिला, एक स्वतःला, वर मिरची जास्त. परतताना दोघे बडीशेप खात. हे कित्येक वर्षे चालले होते. त्या आठवणीने तिला हसू यायला हवे होते, पण तिला रडू आले.

डॉ. इनामदारांनी शांतपणे ऐकून घेतले. साठीचा, कोरडा माणूस.

"नवरा बायकोला खरं सांगतो, असं तुमच्या समीकरणात आहे का?" त्यांनी विचारले. "माझ्या बायकोनं मला ऑम्लेटबद्दल विचारलं तर मीही नाहीच म्हणेन. बेशुद्धीत तर नक्कीच."

मुद्दा बिनतोड होता. मग त्रिशलाने दुसरी परीक्षा घेतली. आईला व्हरांड्यात बसवले, तिच्या हातात फोन दिला, आणि दुसरा फोन अण्णांच्या उजव्या कानाशी धरला. तोच आवाज, तेच शब्द, तसाच कानाशी. तुमचं नाव भूपाल ना? अस्पष्ट. आपल्याला मुलगी आहे ना? अस्पष्ट. मी पद्मा बोलतीय, ओळखलंत का? अस्पष्ट. इनामदारांनी प्रत्येक वेळी चष्मा काढून पडदा पाहिला. मग फोन तिथेच तसाच ठेवून आईला आत बोलावले, तेच प्रश्न कानाशी वाकून विचारायला लावले, आणि सगळी उत्तरे बिनचूक, नव्वदच्या वर आली.

"म्हणजे ते आत नाहीत?" डॉक्टरांनी व्हरांड्यात येऊन हळू आवाजात विचारले.

"तेही सांगता येत नाही. असतील तर त्यांचा आवाज आईच्या ठोक्यांखाली बुडलाय. यंत्राला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही."

"मग ऑपरेशनला नाही म्हणालं कोण?"

त्रिशलाने दारातून आत, उशाशी बसलेल्या आईकडे पाहिले.

"तुम्ही लेखी दिलंत, तर यंत्राचं उत्तर मी बाद धरू शकतो," ते म्हणाले. "मग निर्णय पत्नीचा. पण लवकर सांगा. आणखी महिना गेला तर या तारांचा उपयोग नाही. दहातल्या चारपाच जणांना फायदा होतो. एखाददुसरा टेबलावरच जातो. मी गोड करून सांगत नाही."

लेखी द्यायचे म्हणजे काय, हे तिला नीट कळत होते. तिचे नाव जाईल, ते गेले तर गेले. पण देशभरातल्या इस्पितळांत शेकडो डोक्यांवरचे हे टोप उतरवले जातील, आणि त्या प्रत्येक खाटेशी कुणीतरी आईसारखे बसलेले असेल. गप्प बसावे, असे तिला अगदी मनापासून वाटले. आई सुखात होती. आईच्या सुखात हात घालायचा तिला काय अधिकार? मग तिला खाटेवरचे अण्णा दिसले. त्यांच्या तोंडून दुसरेच कुणी बोलत होते आणि ते आत असतील तर ऐकतही होते.

सूर्य मावळायच्या आत आईने व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडला. भाकरी, मुगाची आमटी, वाटीभर दही. त्रिशलाने सगळे सांगितले. सोपे करून, पण काही न वगळता. अंड्याचेही.

पद्मावतीबाईंनी तोंडाशी नेलेला भाकरीचा तुकडा खाली घेतला.

"मिरची घालून?" त्यांनी विचारले.

"हो."

"मला म्हणायचे, तिखट सोसत नाही." त्यांनी तुकडा डब्यात ठेवला. "म्हणजे इतके दिवस मी एकटीच बोलत होते."

"आई..."

"मी विचारलं होतं, माझ्यावर राग नाही ना. दुकान विकायला मीच लावलं होतं ना त्यांना. नाही म्हणाले. मी रात्रभर रडले गं, बरं वाटून. ती माफी मीच मला दिली व्हय?" त्यांचा आवाज चढला. "तुझं ते शास्त्र! आधी दिलंस कशाला? देऊन काढून घेतीस?"

"चुकलं माझं," त्रिशला म्हणाली. आईचा हात धरायला गेली तर आईने तो काढून घेतला.

खाली आवारात रिक्षा लागत होत्या, सुटत होत्या. डबा तसाच उघडा होता.

"आणि ऑपरेशनला नको..." आई थांबली. तिने पदराने तोंड पुसले. "तेही मीच."

"भीती वाटणारच, आई."

"भीती न्हवं नुसती. खोटं कशाला बोलू? हे असे पडलेत, पण आहेत. अंग पुसते, केस विंचरते. ऑपरेशनात गेले तर काय विंचरू? मला हे असेसुद्धा चालणार होते." ती पहिल्यांदाच रडू लागली. "पण त्यांना चालत असेल का, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, विचारलं."

त्या संध्याकाळी त्रिशलाने कंपनीला, वैद्यकीय परिषदेला आणि आपल्या संस्थेला एकच मजकूर पाठवला: समीकरणातले पहिले गृहीत खाटेशी माणूस असताना लागू पडत नाही, सबब या यंत्राची सर्व उत्तरे बाद समजावीत. तिचा फोन वाजू लागला, तो तिने बंद केला. ऑपरेशनचे काय, हे तिने आईला विचारले नाही. रात्री दोघी धर्मशाळेच्या एकाच खोलीत, एकमेकींकडे पाठ करून झोपल्या.

सकाळी डॉ. इनामदार फेरीला आले तेव्हा यंत्रे उतरवण्याचा कंपनीचा आदेश इस्पितळात पोचायचा होता. अण्णांच्या डोक्यावर टोप तसाच होता आणि पडदा चालू होता. पद्मावतीबाई अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. त्या नेहमीसारख्या उजव्या बाजूला, उशाला अगदी चिकटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी अण्णांच्या टोपाबाहेरच्या केसांवर हात ठेवला. मुजावर पायाशी उभा होता. त्रिशला दाराशी थांबली. काल हात काढून घेतल्यापासून आईच्या जवळ जायचा तिला धीर होत नव्हता.

"आवटीबाई, मुलीने तुम्हाला सगळं सांगितलंय," डॉक्टर म्हणाले. "यंत्राचं आता आपण काही धरत नाही. निर्णय तुमचा आहे. ऑपरेशन करायचं का?"

"करा," पद्मावतीबाई म्हणाल्या.

प्रश्न कानावर आल्यामुळे यंत्र जागे झाले होते. पडद्यावर अक्षरे उमटली. 'नाही'. नव्याण्णव टक्के. खालच्या रेघेतला ठेका इतका जोरात पडत होता, की रेघ पडद्याबाहेर जाते की काय असे वाटले. सवयीने सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. डॉक्टरांनी उघडलेले पेन हातातच राहिले.

पद्मावतीबाईंनीही पडद्याकडे पाहिले, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे.

"ते माझं आहे, डॉक्टर. त्याला काय, ते असंच ओरडणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडं बघू नका. मी तोंडानं काय म्हणाले ते लिहा."